दहा बाय दहाची खोली : आधी जमीन, मग उजेड, आरसा शेवटी

१० फूट लांब आणि १० फूट रुंद खोलीचे क्षेत्रफळ १०० चौरस फूट असते, पण राहणाऱ्यांच्या पायाखाली त्यातले निम्मेही उरत नाही. ६ बाय ३ फुटांचा दिवाण १८ चौरस फूट अडवतो. तीन जणांचा सोफा जवळपास तेवढीच जागा घेतो. लोखंडी कपाट ५ आणि टीव्हीचे मेज ६ चौरस फूट खाते. आत उघडणाऱ्या ३ फुटी दाराला फिरण्यासाठी पाव वर्तुळ, म्हणजे सुमारे ७ चौरस फूट, कायम मोकळे ठेवावे लागते. बेरीज ५४ होते. उरलेले ४६ चौरस फूट सलग नसतात. कपाट आणि सोफ्यामधली फट, दिवाणाच्या पायथ्याची पट्टी, मेजाच्या बाजूचा कोपरा अशा तुकड्यांत ते वाटले जातात. खोली कोंदट वाटते ती या तुकड्यांमुळे.

हा हिशोब परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर गावात, लेखकाच्या घरच्या पुढच्या खोलीचा आहे. नूतनीकरणात तिला चकचकीत पांढरी फरशी, पीओपीचे छत, पश्चिमेच्या खिडकीसमोर भिंतभर आरसा आणि सोफासेट मिळाला. काम संपले तेव्हा खोली उजळ आणि ऐसपैस दिसत होती. फाल्गुन सरता सरता दुपारचे ऊन आरशावरून उलटून डोळ्यांवर येऊ लागले आणि पडदा दिवसभर ओढलेला राहू लागला. चैत्रात एकुलत्या एका खिडकीत कूलर बसला आणि राहिलेला उजेडही गेला. पीओपीने अर्धा फूट उंची घेतल्यामुळे पंखा डोक्याशी आला. पावसाळ्यात काळ्या मातीचे पाऊल न् पाऊल फरशीवर उठू लागले. पुढे ती खोली उलगडून नव्याने बसवावी लागली. त्या दुसऱ्या कामात जे कळले ते येथे क्रमाने मांडले आहे. मराठवाड्यात गावोगावी स्लॅबच्या आणि पत्र्याच्या अशा खोल्या उभ्या राहत आहेत, आणि शहरातल्या फ्लॅटसाठी दिलेला सल्ला इथल्या उन्हाचा, धुळीचा, सुगीचा विचार न करता उचलला जातो. त्यात पैसा दोनदा जातो.

लहान खोली म्हणजे किती

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार राहण्याची खोली किमान ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट, असावी. तिची रुंदी २.४ मीटरहून आणि उंची २.७५ मीटरहून कमी नसावी. दहा बाय दहाची खोली या किमान मापापेक्षा किंचित लहानच भरते. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, धरले आहे; त्याआधीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० चौरस मीटर होते. मुंबईत १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. मराठी माणसाला लहान जागेत संसार थाटण्याचा सराव जुना आहे, आणि त्यातून तयार झालेल्या युक्त्याही जुन्या आहेत.

जुन्या घरांची रीत

मराठवाड्यातील माळवदाच्या घरात खोली फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. घर दोन खणी किंवा पाच खणी असे. या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या. त्या जाडीतच कोनाडे, देवळ्या, फडताळे आणि धान्याची बळदे सामावलेली असत, त्यामुळे सामान भिंतीत जाई आणि जमीन मोकळी राही. कपडे खुंटीवर किंवा वलणीवर. अंथरुणाची सकाळी वळकटी होऊन ती कोपऱ्यात लागे. पाहुणा आला की सतरंजी पसरे, लोड लागे, आणि तीच जागा बैठक होई. जेवणाच्या वेळी तिथेच पंगत बसे, रात्री तिथेच अंथरुणे पडत. छतातल्या सवण्यातून वरचा उजेड आत उतरे. एकच खोली दिवसभरात चार कामे करी, कारण कुठलीही वस्तू तिथे ठाण मांडून बसलेली नसे.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधील बापू कुटी हे या रीतीचे पाहण्याजोगे उदाहरण आहे. गांधीजी १९३६ साली या गावात राहायला आले. माती, बांबू आणि कौले यांनी बांधलेल्या कुटीत बसण्याची जागा जमिनीवरच आहे. चटई, टेकायला आधार, पुढ्यात बुटके मेज. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून अडीच फुटांवर असतो, म्हणून त्याला छत उंच आणि समोरची भिंत लांब वाटते. खुर्चीत बसलेल्याचा डोळा सुमारे चार फुटांवर जातो आणि तेच छत तेवढे जवळ येते. बैठक बुटकी ठेवण्याचा लाभ असा थेट मिळतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि मातीने लादलेली जड छपरे अनेक गावांत कोसळली. त्यानंतर विटा-सिमेंटच्या बांधकामाकडे ओढा वाढला, तो योग्यच होता. मात्र भिंत नऊ किंवा साडेचार इंचांवर आली तेव्हा तिच्या पोटातली साठवण नाहीशी झाली आणि ते सगळे सामान कपाटे, पेट्या, पलंग यांच्या रूपाने जमिनीवर उतरले. लहान खोली सुधारायची म्हणजे भिंतीचे हे हरवलेले काम तिला दुसऱ्या मार्गाने परत द्यायचे.

मोजमाप आणि मोकळी जमीन

पहिले काम कागदावर करायचे. खोलीची लांबी-रुंदी, दार-खिडक्यांच्या जागा, दाराची फिरती कमान, विजेचे बोर्ड आणि पंख्याचा हुक यांचा एक फुटाला एक चौकट धरून आराखडा काढावा. प्रत्येक वस्तूचा त्याच मापाचा पुठ्ठा कापून तो आराखड्यावर सरकवून पाहावा. दुकानाच्या मोठ्या दालनात ठेवलेला सोफा नेहमी लहान दिसतो. पुठ्ठ्याचा तुकडा फसवत नाही. आणखी खात्री हवी असेल तर रिकाम्या खोलीत जमिनीवर खडूने वस्तूंच्या चौकटी आखाव्यात आणि एक दिवस त्या चौकटी टाळत वावरावे.

जमिनीचा निम्मा भाग मोकळा आणि तोही सलग राहिला पाहिजे, हा या कामाचा मुख्य नियम. दोन वस्तूंमध्ये किमान दोन फूट, आणि जिथून घागर किंवा पोते घेऊन जायचे तिथे अडीच ते तीन फूट वाट हवी. सोफा आणि दिवाण दोन्ही ठेवण्याची इथे गरज नाही. भिंतीलगतचा एक दिवाण दिवसा बसायला आणि रात्री निजायला पुरतो. त्यावर लोड-तक्के ठेवले की पाठीला आधारही मिळतो. जास्तीच्या पाहुण्यांसाठी घडीच्या खुर्च्या भिंतीवरच्या खुंट्यांना टांगता येतात. जेवणासाठी किंवा मुलांच्या अभ्यासासाठी भिंतीला बिजागरीने जोडलेली फळी पुरते: काम झाले की खाली पडते, दोन इंचांत मावते.

दाराकडे सहसा लक्ष जात नाही. ३ फुटांचे एकच फळीचे दार सुमारे ७ चौरस फूट जागा व्यापते. तेवढ्याच रुंदीचे दोन फळ्यांचे दार निम्मी, म्हणजे साडेतीन चौरस फूट. जुन्या वाड्यांच्या दारांना दोन फळ्या असत, त्याचा हा एक फायदा होता. आतल्या खोलीच्या दाराला सरकते पल्ले किंवा नुसता जाड पडदाही चालतो. बाहेरचे दार मजबुतीसाठी जसे आहे तसे ठेवावे, पण त्यामागची कमान चपलांनी आणि पायपुसण्यांच्या ढिगाने भरू देऊ नये.

नजरेची वाट

दहा बाय दहाच्या खोलीत सर्वांत लांब अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंतचे नसते. एका कोपऱ्यातून तिरप्या कोपऱ्यापर्यंत ते सुमारे १४ फूट भरते. दारातून आत येणाऱ्याची नजर या तिरप्या रेषेवर गेली तर खोली चार फुटांनी लांब वाटते. म्हणून दारासमोरचा तिरपा कोपरा रिकामा किंवा सर्वांत बुटका ठेवावा, आणि उंच कपाट दाराच्याच भिंतीला लावावे, म्हणजे आत शिरताना ते दिसत नाही. हीच दोन माणसांची अर्ध्या तासाची हलवाहलव कुठल्याही रंगापेक्षा अधिक फरक पाडते.

वालूरमध्ये चक्राकार बारव आहे. काठावर उभे राहिले की गोल उतरणाऱ्या पायऱ्यांच्या ओळीवरून नजर न अडखळता तळाशी पोचते आणि बारवेची खोली आपोआप जाणवते. खोलीतही नजरेला अशी सलग रेषा लागते. भिंतीवर एकाच उंचीने धावणारी फळी, दिवाण आणि मेज यांची एका पातळीतली कड, सलग जाणारी फरशीची सांध: यांतून ती मिळते. एकापुढे एक वेगवेगळ्या उंचीच्या वस्तू ठेवल्या की नजर प्रत्येक वस्तूवर थांबते आणि अंतर तुकड्या-तुकड्यांनी मोजले जाते.

फर्निचरला सहा ते आठ इंचांचे पाय असावेत. त्याखालून भिंतीपर्यंतची फरशी दिसते, म्हणून जमीन मोठी वाटते. झाडू आणि पोछा आतपर्यंत जातो. विंचवाला दडायला जागा उरत नाही, ही गावात लहान गोष्ट नाही. एकच वस्तू, शक्यतो दिवाण, खाली पेटीची असावी. गोधड्या, रजया आणि लग्नकार्याची भांडी त्यात जातात. सगळेच फर्निचर पेटीचे केले तर साठवण वाढते, पण खोली सामानाने भरलेल्या कोठीसारखी होते.

भिंतीवरची साठवण

डोक्याच्या वरची भिंत बहुतेक घरांत रिकामी असते. दारावरून आणि त्याच्या बाजूच्या भिंतीवरून साडेसात फुटांच्या उंचीवर एक फूट रुंदीची फळी फिरवली तर दोन भिंतींवर मिळून वीस फूट लांबीची साठवण मिळते, आणि जमिनीचा एक इंचही जात नाही. क्वचित लागणाऱ्या वस्तू सारख्या रंगाच्या डब्यांत घालून तिथे ठेवाव्यात. दोन फूट खोलीचा माळा करायचा असेल तर तो दाराच्या भिंतीवरच करावा. खिडकीवरचा माळा उजेड गिळतो आणि दिवाणावरचा माळा निजलेल्या माणसाला दडपल्यासारखे करतो.

रोजच्या वस्तूंसाठी खांद्याच्या उंचीवर खुंट्यांची एक पट्टी पुरते. उघडी मांडणी कमी आणि दाराचे फडताळ जास्त, असे प्रमाण ठेवावे. पन्नास निरनिराळ्या वस्तू दिसण्यापेक्षा भिंतीच्याच रंगाचे एक सपाट दार दिसले तर नजरेला विसावा मिळतो. पूर्वेच्या किंवा ईशान्येच्या कोपऱ्यातले देवघर भिंतीवर टांगता येते, त्यासाठी वेगळे मेज लागत नाही.

येथे एक इशारा आवश्यक आहे. साडेचार इंची विटांच्या भिंतीत कोनाडा कोरू नये. उरलेली दोन-तीन इंचांची कड तडकते. जुन्या मातीच्या भिंतीत नवे भगदाड पाडू नये, छपराचा भार तिच्यावरच असतो. खोली मोठी करण्यासाठी मधली भिंत किंवा खांब काढायचा असेल तर अभियंत्याने पाहिल्याशिवाय हातोडा लावू नये. फळ्या आणि आरसे प्लास्टरमध्ये नव्हे, विटेत शिरणाऱ्या पक्क्या स्क्रूंनी बसवावेत.

ऊन, वारा आणि कूलर

कोरड्या उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या किमान एक दशांश असावे, असे इमारत संहिता सांगते. १०० चौरस फुटांच्या खोलीला त्यामुळे १० चौरस फूट, म्हणजे साधारण ४ बाय अडीच फुटांची खिडकी हवी. तेवढी खिडकी असूनही खोली अंधारी राहते, कारण मराठवाड्यात मार्च ते जून ती उन्हाच्या भीतीने बंद असते. खोली प्रशस्त वाटावी असे वाटत असेल तर खिडकी उघडी ठेवता आली पाहिजे, आणि त्यासाठी आधी उष्णता अडवली पाहिजे.

वालूर साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यास भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला सुमारे ४७ अंशांच्या उंचीवर राहतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला की मार्चपासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारचे ऊन बाहेर थांबते आणि हिवाळ्यात तेच ऊन खिडकीच्या खालच्या भागातून आत येते. उत्तरेची खिडकी वर्षभर शांत, सारखा उजेड देते; नवी खिडकी काढायला वाव असेल तर ती उत्तरेला काढावी. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा पुरत नाही, कारण दुपारनंतरचे ऊन छज्ज्याच्या खालून तिरपे शिरते. तिथे बाहेरच्या बाजूने बांबूची चिक, वाळ्याची ताटी किंवा वेल चढवलेली जाळी लावावी. ऊन काचेच्या बाहेर अडवले तर उष्णता बाहेरच राहते. आतल्या पडद्याने उजेड अडतो, उष्णता मात्र तोवर आत आलेली असते.

स्लॅबवर दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी पांढऱ्या चुन्याचा किंवा उष्णता परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा हात द्यावा. काळवंडलेला स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. पत्र्याच्या खोलीला वरून पांढरा रंग आणि आतून बांबूचे तट्टे किंवा थर्माकोलचे पत्रे लागतात. मात्र ते चुलीपासून आणि उघड्या वायरींपासून दूर ठेवावेत. पीओपीचे छत उष्णता काही प्रमाणात रोखते. खोली दहा फूट किंवा त्याहून उंच असेल तरच ते करावे. नऊ फुटांच्या खोलीत ते अर्धा फूट घेते, पंखा खाली आणते आणि खोली चेपल्यासारखी दिसते.

कूलरचा प्रश्न मराठवाड्यातल्या प्रत्येक घराचा आहे. तो खिडकीत बसला की चार महिने, आणि आळसाने काढला नाही तर बारा महिने, खोलीचा उजेड बंद होतो. कूलरसाठी खिडकीशेजारी किंवा तिच्याखाली दोन बाय दोन फुटांची स्वतंत्र जागा ठेवावी, तिला उघडझाप होणारी झडप लावावी आणि कूलर बाहेर लोखंडी स्टँडवर उभा करावा. कूलरची ओली हवा बाहेर पडायला समोरच्या बाजूला दार किंवा झरोका उघडा हवा; नाहीतर खोली थंड होण्याऐवजी दमट होते. मृग लागला की कूलर काढून झडप बंद करावी.

रंग आणि फरशी

जर्मनीतील माइन्झ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोलीच्या पृष्ठभागांचा उजळपणा आणि भासणारी उंची यांचा संबंध तपासला. छत उजळ असेल तर खोली उंच वाटते, भिंती उजळ असतील तरीही उंच वाटते, आणि दोन्हींचा परिणाम एकमेकांत मिळतो. फरशीच्या उजळपणाचा मात्र उंचीवर फरक पडला नाही. गडद भिंती आणि पांढरे छत अशा विरोधाने उंची वाढते, ही समजूत या अभ्यासात टिकली नाही.

काळ्या मातीच्या मुलखासाठी हा निष्कर्ष फार उपयोगी आहे. पैसा छतावर आणि भिंतींवर लावावा. फरशी पांढरी करण्याचा हट्ट धरू नये. छत शुभ्र, भिंती फिक्या पिवळसर किंवा अगदी फिक्या हिरवट, आणि दार, चौकट, फडताळ हे सगळे भिंतीच्याच छटेचे ठेवावे. रंग मंद चमकेचा, पुसता येणारा असावा. चकचकीत ऑइल पेंट उन्हात डोळ्यांवर येतो आणि प्लास्टरची प्रत्येक खोच दाखवतो. एका भिंतीला गडद रंग देण्याची हौस असेल तर ती दाराच्याच भिंतीला द्यावी, कारण आत येणाऱ्याला ती दिसत नाही.

फरशीला राखाडी किंवा मातकट मध्यम छटा योग्य. शहाबादी फरशी या भागात सहज मिळते, पायाला थंड लागते आणि धूळ लपवते. टाइल्स बसवायच्या तर दोन बाय दोन फुटांच्या घ्याव्यात. सांधे कमी होतात. सांध्यात फरशीच्याच रंगाचे भरण घालावे. ओसरी, पुढची खोली आणि माजघर यांना एकच फरशी असेल तर नजर उंबरठ्यापाशी थांबत नाही आणि तिन्ही जागा एक वाटतात. मोठ्या नक्षीच्या आणि किनारीच्या टाइल्स लहान खोलीला आणखी लहान चौकटीत बसवतात.

आरसा

आरशातली प्रतिमा वस्तू जितकी पुढे तितकीच मागे दिसते. दहा फुटांच्या खोलीत समोरच्या भिंतीवर आरसा लावला तर आणखी दहा फुटांची खोली मागे दिसते. म्हणूनच तो काय दाखवणार हे आधी पाहावे. नीटनेटका कोपरा, उत्तरेच्या खिडकीतले आकाश किंवा अंगणातले झाड त्यात आले तर लाभ होतो. वलणीवरचे कपडे आणि टीव्हीच्या वायरी आल्या तर पसारा दुप्पट होतो.

खिडकीसमोर आरसा लावण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो उत्तरेच्या खिडकीला लागू पडतो. पश्चिमेच्या खिडकीसमोर आरसा कधीही लावू नये. तिथे तो ऊन परतवतो आणि बसणाऱ्याला जागा सोडावी लागते. अशा खोलीत आरसा खिडकीला काटकोनात असलेल्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीपासून दोन-तीन फुटांवर लावावा. उजेड आतल्या कोपऱ्याकडे वळतो आणि ऊन डोळ्यांवर येत नाही. आकारही भिंतभर लागत नाही. पूर्ण माणूस दिसायला त्याच्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. तीन फूट उंच आणि दीड फूट रुंद आरसा घराच्या कामालाही येतो. लहान मुले असतील तर त्याची खालची कड दिवाणाच्या पातळीच्या वर असावी.

पडदे आणि दिवे

पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीला लागून न बसवता छताजवळ बसवावी आणि दोन्ही बाजूंना आठ-नऊ इंच पुढे काढावी. पडदा उघडला की तो भिंतीवर सरकतो, सगळी काच मोकळी होते आणि खिडकी रुंद व उंच दिसते. पडदा जमिनीपर्यंत, भिंतीशी मिळत्या फिक्या रंगाचा, मोठ्या फुलांवाचून असावा. उन्हाळ्यासाठी जाड खादीचा आणि एरवी पातळ सुती असे दोन थर ठेवले तर ऋतू पाहून एकेक वापरता येतो.

एकाच ट्यूबच्या उजेडात कोपरे काळे पडतात आणि रात्री खोली दिवसापेक्षा लहान होते. तेवढीच वीज तीन ठिकाणी वाटावी: एक दिवा छताकडे उजेड फेकणारा, एक दारासमोरच्या तिरप्या कोपऱ्यात, एक अभ्यासाच्या फळीवर. उजळ छत आणि उजळ भिंती तो उजेड पुढे पसरवतात. यांतला किमान एक दिवा इन्व्हर्टरवर असावा. दिवा पंख्याच्या वर कधीही येऊ नये. पात्यांची सावली भिंतभर फिरत राहते.

सुगीचे दिवस

शहरातल्या खोलीला न पडणारा एक प्रश्न गावातल्या खोलीला दरवर्षी पडतो. सोयाबीनची पोती, वेचलेला कापूस, खताच्या गोण्या यांचा मुक्काम दिवाळीच्या सुमारास पुढच्या खोलीत पडतो आणि वर्षभराची टापटीप आठ दिवसांत मोडते. घराच्या आराखड्यातच या मालाची जागा ठरवली पाहिजे: ओसरीचा एक कोपरा, जिन्याखालची जागा किंवा पत्र्याचे छोटे शेड. खत आणि कीटकनाशके निजण्याच्या खोलीत ठेवणे आरोग्याला घातक आहे, आणि दिवे, पणत्या, फटाक्यांच्या दिवसांत घरात कापूस ठेवणे आगीला आमंत्रण देते. धान्य खोलीतच ठेवावे लागले तर ते दाराच्या भिंतीला, लाकडी फळ्यांवर, कमरेच्या उंचीपर्यंतच रचावे.

अंगणाचा वाटा

सजावटीलाही मर्यादा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे निजत असतील तर रंग आणि आरसा त्यांची अडचण दूर करू शकत नाहीत. तिथे छपराबाहेरची जागा कामी येते. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूर येथे अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी जी वसाहत रचली, तिच्यात प्रत्येक घराला स्वतःची उघडी जागा दिली आणि साधारण सात घरांमागे आठ बाय आठ मीटरचे एक सामाईक अंगण ठेवले. आपल्या हवेत वर्षातले कित्येक महिने सकाळ-संध्याकाळ माणूस उघड्यावर आरामात बसू शकतो, म्हणून अंगण ही घराची खोलीच असते, हा त्यामागचा विचार.

वालूरसारख्या गावात हे अंगण आधीपासूनच आहे. नव्या स्लॅबच्या घरांत ते सर्रास खोलीत बदलले जाते किंवा गाडी लावण्यात जाते. दारापुढे सहा फुटांची ओसरी, तिच्यावर साधे छप्पर, बसायला कट्टा आणि एक कडुनिंब एवढे राखले तर चहा, गप्पा, पाहुणे, धान्य निवडणे हे सगळे बाहेर होते. आतली खोली तेवढ्या कामांतून सुटते.

कामाचा आणि खर्चाचा क्रम

पैसा ज्या क्रमाने खर्च करावा तो असा. सर्वप्रथम मोजमाप आणि अनावश्यक सामान कमी करणे. याला खर्च जवळपास नाही. मग वस्तूंची हलवाहलव: तिरपा कोपरा मोकळा, उंच कपाट दाराच्या भिंतीला. त्यानंतर छतावरचा पांढरा हात, पश्चिमेची चिक आणि कूलरची स्वतंत्र जागा. चौथ्या पायरीवर भिंतीवरच्या फळ्या आणि फडताळ, कारण त्यासाठी पाडावी लागणारी भोके रंगापूर्वीच पडलेली बरी. वीजकामही तेव्हाच उरकावे. मग छत आणि भिंतींचा रंग. फरशी खराब असेल तरच बदलावी आणि ती रंगाच्या शेवटच्या हाताआधी बसवावी. पडदे आणि दिवे त्यानंतर. आरसा सर्वांत शेवटी, आणि तोही खोलीत एक उन्हाळा काढल्यावर, म्हणजे ऊन कोणत्या महिन्यात कुठवर येते हे कळून त्याची जागा ठरते.

प्रत्येक पायरीनंतर काही दिवस थांबून खोली वापरून पाहावी. पुष्कळ घरांना पहिल्या तीन पायऱ्यांतच हवी तेवढी जागा मिळते आणि पुढचा खर्च वाचतो. नवीन वस्तू आणण्याआधी ती कुठे बसणार आणि तिच्या बदल्यात कोणती वस्तू घराबाहेर जाणार, हे दोन्ही ठरलेले असावे. एवढी शिस्त पाळली तर शंभर चौरस फुटांत चार माणसांचा वावर वर्षभर सुखाने होतो.